पिक्सेल एलईडी पट्टीची निवड : घरगुती रोषणाईचे गणित

५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘उजाला’ कार्यक्रमाने भारतीय घरांतील दिव्याचे स्वरूप पालटले. मोठ्या प्रमाणावर एकत्रित खरेदी करण्याच्या धोरणामुळे एलईडी दिव्याची खरेदी किंमत २०१४ मधील सुमारे ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत खाली आली आणि या कार्यक्रमांतर्गत देशभरात ३६ कोटींहून अधिक दिव्यांचे वितरण झाले. दिव्याची निवड करताना सामान्य ग्राहकाला फारसे गणित करावे लागले नाही. ९ वॅटचा दिवा घ्यावा, जुन्या होल्डरमध्ये बसवावा, एवढेच पुरेसे होते.

एलईडीच्या पुढच्या पिढीतील एका वस्तूबाबत मात्र हे म्हणता येत नाही. छताच्या कडेने, देवघराभोवती, दूरचित्रवाणी संचाच्या मागे किंवा सणासुदीच्या सजावटीत बसविली जाणारी, प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा ठेवता येणारी ॲड्रेसेबल एलईडी पट्टी आता सर्वसामान्य बाजारात मिळू लागली आहे. विक्रेते तिला पिक्सेल पट्टी म्हणतात. तिच्या वेष्टनावर रंगांची संख्या ठळकपणे छापलेली असते. विद्युतदाब, प्रवाह आणि तारेची जाडी या ज्या तीन गोष्टींवर तिचे यशापयश व घराची सुरक्षितता अवलंबून असते, त्यांविषयी मात्र फारच थोडी माहिती दिलेली आढळते. दिवा विकत घेण्याच्या सवयीने पट्टी विकत घेणाऱ्याची फसगत होते, ती येथेच.

एका तारेवर शेकडो दिवे

पश्चिम बंगालच्या हुगळी जिल्ह्यातील चंदननगर हे शहर जगद्धात्री पूजेच्या रोषणाईसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागिरांनी एलईडी येण्यापूर्वी चिमुकल्या बल्बांतून हलती चित्रे उभी केली. मोटरने फिरणाऱ्या रोलरवर धातूच्या पट्ट्या बसविलेल्या असत. रोलर फिरला की दिव्यांचे एकेक गट ठरलेल्या क्रमाने पेटत आणि विझत. या पद्धतीत दिव्यांच्या प्रत्येक गटासाठी स्वतंत्र तार न्यावी लागे. चित्र जितके बारीक, तितका तारांचा जुडगा मोठा.

पिक्सेल पट्टीने नेमका हा जुडगा नाहीसा केला. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी तयार केला. तेजस्वी निळा एलईडी मात्र १९९० च्या दशकात साध्य झाला आणि त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लाल, हिरवा व निळा हे तीन एलईडी एका ५ मिलिमीटर चौरस आवरणात बसविणे त्यानंतर शक्य झाले. त्याच आवरणात एक सूक्ष्म नियंत्रक चिप बसविली की पिक्सेल तयार होतो. सर्वाधिक प्रचलित असलेल्या डब्ल्यूएस२८१२बी या प्रकारात नियंत्रकाकडून येणाऱ्या माहितीतील पहिले २४ बिट पहिला पिक्सेल स्वतःसाठी ठेवतो आणि उरलेली माहिती पुढे पाठवितो. दुसरा पिक्सेल त्यातील पहिले २४ बिट घेतो. पंगतीत वाढप्याने ताटल्यांची चळत पहिल्याच्या हाती द्यावी आणि प्रत्येकाने एक ठेवून चळत पुढे सरकवावी, तसा हा व्यवहार असतो. प्रत्येक रंगाच्या तेजाच्या २५६ पायऱ्या असल्याने एकूण सुमारे १ कोटी ६७ लाख रंगमेळ शक्य होतात. वेष्टनावर झळकते ती हीच संख्या.

एका पिक्सेलची माहिती पाठविण्यास सुमारे ३० मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे ३०० पिक्सेलांचे चित्र ९ मिलिसेकंदांत बदलता येते. हजार पिक्सेल एका तारेवर जोडल्यास हा काळ ३० मिलिसेकंद होतो व सेकंदाला जेमतेम ३३ चित्रे मिळतात. घरगुती कामासाठी तेवढी पुरेशी आहेत. त्यामुळे वेगाच्या जाहिरातींना भुलण्याचे कारण नाही.

पट्टी हवी तरी कोणती?

मुळात पिक्सेल पट्टीची गरज आहे का, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. वाचन, स्वयंपाक किंवा अभ्यासासाठी ती योग्य नाही. लाल, हिरव्या व निळ्याच्या मिश्रणातून तयार होणारा पांढरा प्रकाश डोळ्यांना पांढरा दिसला तरी त्याच्या वर्णपटात मोठ्या फटी असतात. परिणामी ताटातील भाजी, साडीचा रंग आणि माणसाचा चेहरा निस्तेज वा विचित्र दिसतो. स्थिर प्रकाश हवा असेल तर साधी पांढरी पट्टी स्वस्त, कार्यक्षम आणि निर्धोक ठरते. संपूर्ण पट्टीचा रंग एकाच वेळी बदलणे पुरेसे असेल तर चार तारांची साधी रंगीत पट्टी चालते. अनेक घरांत पिक्सेल पट्टी बसविल्यानंतर महिन्याभरात ती एकाच पिवळसर रंगावर कायमची स्थिरावते, हे पाहता या प्रश्नाला निम्म्या ग्राहकांचे प्रामाणिक उत्तर ‘नको’ असेच येईल.

रंग आणि चांगला पांढरा प्रकाश दोन्ही हवे असल्यास चौथा, स्वतंत्र पांढरा एलईडी असलेला एसके६८१२ हा प्रकार उपलब्ध आहे. तो घेताना पांढऱ्याची छटा विचारून घ्यावी. ३००० केल्व्हिनच्या आसपासची छटा दिवाणखान्याला मानवते, ६००० केल्व्हिनची दवाखान्यासारखी भासते.

साधी रंगीत पट्टी आणि पिक्सेल पट्टी दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि दोन्हींना ‘स्मार्ट’ हे एकच विशेषण लावलेले असते. ओळखण्याची खूण पट्टीवरच असते. कापण्याच्या रेषेपाशी असलेल्या तांब्याच्या ठिपक्यांवर ‘आर, जी, बी’ अशी अक्षरे असतील तर ती साधी रंगीत पट्टी होय. ‘डीआय’ किंवा ‘डीआयएन’ अशी अक्षरे व माहितीच्या वहनाची दिशा दाखविणारा बाण असेल तर ती पिक्सेल पट्टी होय. केवळ ठिपके मोजून निष्कर्ष काढू नये, कारण काही पिक्सेल पट्ट्यांनाही चार ठिपके असतात. एपीए१०२ या प्रकारात माहितीसोबत घड्याळ-संकेताची स्वतंत्र तार असते, तर डब्ल्यूएस२८१५ या प्रकारात माहितीची राखीव तार असते.

ही राखीव तार दिसते तितकी क्षुल्लक नाही. डब्ल्यूएस२८१२बी पट्टीतील एक पिक्सेल निकामी झाला की माहितीची साखळी तेथेच तुटते आणि पुढचे सर्व पिक्सेल आज्ञा घेईनासे होतात. राखीव तार असल्यास एखाद्या मृत पिक्सेलला वळसा घालून माहिती पुढे जाते. छताच्या पोकळीत, शिडीशिवाय हात पोहोचणार नाही अशा जागी पट्टी बसवायची असेल तर एवढ्या एका कारणासाठीही डब्ल्यूएस२८१५ची निवड समर्थनीय ठरते. एपीए१०२ प्रकारचे वैशिष्ट्य त्याच्या तेजनियंत्रणाच्या उच्च वारंवारतेत आहे. डब्ल्यूएस२८१२बीच्या मूळ आवृत्तीतील एलईडी सेकंदाला सुमारे ४०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते सहसा कळत नाही, परंतु मोबाईलच्या चित्रीकरणात काळे पट्टे उमटू शकतात. ज्यांना चित्रीकरण करायचे नाही त्यांनी त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

प्रवाहाचे गणित

खरी निवड विद्युतदाबाची असते आणि ती कागद-पेन्सिल घेऊन करावी लागते.

डब्ल्यूएस२८१२बी ही पट्टी ५ व्होल्टवर चालते. पूर्ण तेजाच्या पांढऱ्या रंगात एका पिक्सेलला जास्तीत जास्त ६० मिलिॲम्पिअर प्रवाह लागेल असे गृहीत धरण्याची प्रथा आहे. मीटरला ६० पिक्सेल असलेल्या ५ मीटरच्या वेटोळ्यात ३०० पिक्सेल असतात. ३०० गुणिले ०.०६ म्हणजे १८ ॲम्पिअर. शक्ती ९० वॅट. ९० वॅट हा आकडा छताच्या पंख्यासारखा निरुपद्रवी वाटतो. पण २३० व्होल्टवर चालणाऱ्या तेवढ्याच शक्तीच्या उपकरणाला ०.४ ॲम्पिअर प्रवाह पुरतो, तर येथे १८ ॲम्पिअर वाहतात, हे विसरता कामा नये.

घरातील दिव्यांच्या जोडणीसाठी वापरली जाणारी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, तर तिचा रोध मीटरला सुमारे ०.०१२ ओहम असतो. वीजपुरवठा साधन पट्टीपासून ३ मीटर अंतरावर असेल तर जाण्या-येण्याची मिळून ६ मीटर तार लागते. १८ ॲम्पिअर प्रवाहात या तारेतच सुमारे १.३ व्होल्ट खर्ची पडतात. पट्टीच्या पहिल्या पिक्सेलपर्यंत ५ ऐवजी ३.७ व्होल्ट पोहोचतात. त्यापुढे पट्टीतील तांब्याचा पातळ थर आणखी दाब खातो. निळ्या व हिरव्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट, तर लालला सुमारे २ व्होल्ट लागत असल्याने दाब घसरला की आधी निळा, मग हिरवा मंदावतो. पट्टीचे एक टोक पांढरे आणि दुसरे तांबूस दिसू लागते. ग्राहक पट्टी सदोष समजून दुकानदाराशी वाद घालतो. दोष बहुधा तारेचा असतो.

डब्ल्यूएस२८१५ ही पट्टी १२ व्होल्टवर चालते आणि तिच्या पिक्सेलला सुमारे १५ मिलिॲम्पिअर लागतात. तेवढ्याच ३०० पिक्सेलांना ४.५ ॲम्पिअर पुरतात. त्याच तारेत आता ०.३३ व्होल्ट खर्च होतात, तेही ५ पैकी नव्हे तर १२ पैकी. वीज लांब अंतरावर उच्च दाबाने का वाहून नेतात, हे शाळेच्या पुस्तकात शिकविले जाते. त्याचा पडताळा दिवाणखान्याच्या छतावर मिळतो.

आता ३ मीटर रुंद व ४ मीटर लांब खोलीचा विचार करू. छताच्या चारही कडांची मिळून लांबी १४ मीटर होते. मीटरला ६० पिक्सेल घेतल्यास ८४० पिक्सेल लागतात. ५ व्होल्टच्या पट्टीसाठी हा प्रवाह ५० ॲम्पिअरच्या वर जातो, जो घरगुती जोडणीत हाताळणे शहाणपणाचे नाही. १२ व्होल्टच्या पट्टीसाठी तो १२.६ ॲम्पिअर होतो. मीटरला ३० पिक्सेल घेतल्यास तो ६.३ ॲम्पिअरवर येतो. छताच्या पोकळीत लपविलेल्या पट्टीचा प्रकाश भिंतीवरून परावर्तित होऊन येतो, ठिपके दिसतच नाहीत. म्हणून तेथे ३० पिक्सेल पुरेसे होतात. पट्टी समोरून दिसणार असेल तर अॅल्युमिनियमच्या पन्हळीत बसवून वर दुधी आवरण लावावे. दोन पिक्सेलांमधील अंतर जेवढे, निदान तेवढेच अंतर पट्टी व आवरण यांत असावे, हा साधा ठोकताळा. मीटरला ६० पिक्सेलांमध्ये हे अंतर सुमारे १७ मिलिमीटर, तर ३० मध्ये ३३ मिलिमीटर असते.

एका पिक्सेलइतके बारीक नियंत्रण नको असेल तर डब्ल्यूएस२८११ चिप वापरणाऱ्या १२ व्होल्टच्या पट्ट्या किफायतशीर ठरतात. त्यांत सामान्यतः तीन एलईडींचा एक गट एकाच आज्ञेवर चालतो. मीटरला ६० एलईडी असले तरी नियंत्रण करता येतील असे गट २० च असतात. छतासाठी हे उणेपण जाणवत नाही. पट्ट्यांतून अक्षरे किंवा चित्रे उमटवायची असतील तर मात्र जाणवते.

अंतर लांब असेल तर एकाच टोकाने वीज न देता दोन्ही टोकांनी, व ५ व्होल्टच्या पट्टीला मध्येही, स्वतंत्र तारांनी वीज पुरवावी. दोन वीजपुरवठा साधने वापरल्यास त्यांच्या ऋण तारा एकमेकींना जोडाव्यात. धन तारा जोडू नयेत. पट्टीचा तो भाग जेथे दुसऱ्या साधनाकडे जातो, तेथे धन तांब्याची रेघ तोडावी.

विझलेल्या पट्टीचे बिल

सर्व पिक्सेल काळे केले म्हणजे पट्टी बंद झाली, असा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात प्रत्येक पिक्सेलमधील चिप जागीच असते आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहत असते. डब्ल्यूएस२८१२बीमध्ये त्यासाठी पिक्सेलमागे कमाल १ मिलिॲम्पिअरच्या आसपास प्रवाह लागतो. वरील उदाहरणातील ८४० पिक्सेलांसाठी हा खर्च ४.२ वॅट होतो. वर्षाच्या ८,७६० तासांत सुमारे ३७ युनिट. वीजपुरवठा साधनाची स्वतःची हानी त्यात धरलेली नाही. ‘उजाला’चा ९ वॅटचा दिवा रोज पाच तास जळला तर वर्षाला साडेसोळा युनिट खर्च होतात. म्हणजे अंधारात असलेली पट्टी उजेड देणाऱ्या दिव्याच्या दुपटीहून अधिक वीज खाऊ शकते. राष्ट्रीय पातळीवर दिव्यादिव्यांतून जी बचत साधली गेली, ती घराघरातून अशी नकळत झिरपून जाऊ नये यासाठी उपाय अगदी साधा आहे. आपल्याकडे प्रत्येक प्लगला स्वतंत्र बटण असते. ते बंद करावे. मोबाईलवरून चालणारा नियंत्रक सतत चालू ठेवायचा असेल, तर पट्टीची वीज तोडणारा रिले जोडावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन एलईडी दिव्यावर असते. पट्टीसाठी हा हिशेब ग्राहकालाच करावा लागतो.

वीजपुरवठा साधन व सुरक्षितता

५ वा १२ व्होल्टचा धक्का बसत नाही, म्हणून ही जोडणी निर्धोक आहे असे मानणे धोक्याचे आहे. शॉक लागला नाही तरी आग लागू शकते. ४०-५० ॲम्पिअर देण्यास समर्थ असलेले साधन आणि एक सैल सांधा एवढ्यावर तार वितळण्याइतकी उष्णता निर्माण होते. सजावटीत तर भोवती कापड, कागद आणि सुकलेली फुले असतात. पट्टीकडे जाणाऱ्या प्रत्येक धन तारेत, तारेच्या क्षमतेनुसार स्वतंत्र फ्यूज असावा. नियंत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये तेजाची मर्यादा घालता येते व ती अवश्य घालावी. तथापि ती सोय आहे, संरक्षण नव्हे. सॉफ्टवेअर अडकले तर फ्यूजच कामी येतो.

वीजपुरवठा साधनाची निवड करताना गरजेपेक्षा किमान एक चतुर्थांश अधिक क्षमता धरावी. जिप्समच्या बंद पोकळीत, विदर्भातील किंवा राजस्थानातील मे महिन्यात, साधनाला त्याच्या अंगावर छापलेली क्षमता गाठता येत नाही. जाळीदार पत्र्याच्या पेटीतील स्वस्त साधनांचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. ते मुलांच्या हाती लागणार नाही अशा, परंतु हवा खेळती राहील अशा पेटीत ठेवावे व अर्थिंगची तार न चुकता जोडावी. भारतीय मानक ब्युरोच्या, २०१२ मध्ये सुरू झालेल्या अनिवार्य नोंदणी व्यवस्थेत एलईडी मॉड्यूलसाठीच्या वीजपुरवठा साधनांचाही पुढे समावेश करण्यात आला. साधनावर मानक चिन्हासोबत ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हे दुकानातच पाहावे. पट्टी स्वस्त घेतली तर फार तर रंग फिका पडेल. काटकसर या साधनात करू नये. २३० व्होल्टच्या बाजूची जोडणी परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्यावी.

अडचण अशी की, आपल्याकडील वीजतंत्री २३० व्होल्टच्या कामात निष्णात असला तरी माहितीची तार हा त्याच्या शिक्षणाचा भाग नव्हता. उलट २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानाच्या टिंकरिंग प्रयोगशाळांतून आठवी-नववीची मुले आर्डुइनोसारख्या मंडलांवर अशी पट्टी सहज पेटवितात. त्यांना फ्यूजची ओळख नसते. एकाच घरात या दोघांनी मिळून काम केले तर ते नेटके होते.

मुलांना अडणारी जागा साधारणपणे ठरलेली असते. ईएसपी३२ सारखे लोकप्रिय नियंत्रक ३.३ व्होल्टचा संकेत देतात, तर ५ व्होल्टवर चालणाऱ्या डब्ल्यूएस२८१२बीला किमान ३.५ व्होल्टचा संकेत अपेक्षित असतो. कधी पट्टी चालते, कधी वेडेवाकडे चमकते. दोन्हींच्या मध्ये ७४एएचसीटी१२५ ही पातळी उंचावणारी स्वस्त चिप जोडली की हा लपंडाव थांबतो. माहितीच्या तारेत पहिल्या पिक्सेलजवळ ३३० ओहमचा रोधक घालावा, नियंत्रक व पट्टीची ऋण तार एकच ठेवावी. लाल मागितल्यावर हिरवा उजळला तर पट्टी खराब नाही. या प्रकारात हिरव्याची माहिती आधी पाठवावी लागते, एवढेच.

कोरड्या खोलीत उघडी पट्टी चालते. गॅलरी किंवा स्वयंपाकघरासाठी सिलिकॉनचा थर असलेली आयपी६५, तर पावसात राहणाऱ्या जागेसाठी नळीत बंद केलेली आयपी६७ श्रेणीची पट्टी घ्यावी. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर कापलेल्या टोकाचे उघडे तांबे एका पावसाळ्यात हिरवे पडते. ते टोक सिलिकॉनने पुन्हा बंद करणे आवश्यक असते.

भिंतीवर चिकटविण्यापूर्वी संपूर्ण पट्टी जमिनीवर पसरून, मर्यादित तेजावर, तासभर चालवून पाहावी आणि प्रत्येक सांध्याला हात लावून तो तापत नाही ना याची खात्री करावी. निकामी पिक्सेल कापून त्या जागी नवा डाग देऊन बसविता येतो, त्यासाठी संपूर्ण पट्टी ई-कचऱ्यात टाकण्याची गरज नसते. मात्र दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्यांच्या रंगछटा क्वचितच जुळतात. म्हणून खरेदीच्या वेळीच त्याच वेटोळ्यातील अर्धा मीटर तुकडा जास्तीचा घेऊन, त्यावर चिपचे नाव, विद्युतदाब व खरेदीची तारीख लिहून, तो वीजपुरवठा साधनाच्या पेटीशेजारी ठेवून द्यावा.